मांडीवर दिलेला भाऊ कुठे शोधायचा?

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आईचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. आईचं वय आता 78. आईचा धाकटा भाऊ बाळू तीन वर्षांचा असताना, 1958 साली, खानापूर तालुक्यातल्या एका लांबच्या नात्यात मांडीवर दिला. बैलगाडी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत त्याची नवी जरीची टोपी दिसत होती, एवढं आईला आठवतं. पुढे ते घर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दक्षिणेकडे गेलं. मग कुठल्याशा लग्नात मानपानावरून बोलणं तुटलं. दर भाऊबीजेला आई दोन भावांना व्हिडिओ कॉलवर ओवाळते आणि तिसऱ्याचं नाव घेते. ताई लिहितात, ‘वर्षभर आजोळचे कागद मागवतेय, मामाचा मागमूस लागत नाही. त्या घरचं आडनावसुद्धा आईला धड आठवत नाही.’

ताई, मागमूस लागत नाही याचं कारण तुम्ही आजोळचे कागद चाळताय. दत्तक गेलेलं मूल दिल्या घरच्या कागदांतून पुसलं जातं आणि घेतल्या घरच्या कागदांत नव्या नावानं उगवतं. बापाचं नाव, आडनाव बदलतंच, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतात. तुमचा बाळू तिकडे ‘बाळू’ राहिला असेल अशी आशा धरू नका. शोध वाळव्यातून उचला आणि खानापुरात न्या.

त्यासाठी आधी आडनाव आणि गाव हवं, आणि ते अजून तुमच्या आईपाशीच आहे. ‘कुणाला दिला?’ असं सरळ विचारलं की 78 वर्षांची बाई गडबडते. आडून विचारा. त्यांचे वडील वारले तेव्हा तीन दिवसांचं सुतक कुणी धरलं होतं? दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं सुतक अनेक घरांत दहाऐवजी तीन दिवसांचं धरतात, आणि बायकांच्या ते पक्कं ध्यानात राहतं. ते घर जत्रेला कुठे जायचं? खरसुंडीच्या सिद्धनाथाला, म्हसवडला की पालीच्या खंडोबाला? तुमच्या आईच्या लग्नातली आहेराची वही आजोळच्या माळ्यावर असेल तर मामेभावाला ती पानन् पान फोटो काढून पाठवायला सांगा. कुणी भांडं दिलं, कुणी लुगडं दिलं, गाव कुठलं, सगळं त्यात असतं. तुटलेली नाती तुटण्याआधी त्या वहीत एकदा तरी येऊन गेलेली असतात. आई बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. हे काम या आठवड्यातच करा, पुढच्या सुट्टीवर टाकू नका.

आपल्या भागात आणखी एक दार आहे, ते परदेशातली मंडळी विसरतात. हेळवी. पिढ्यान् पिढ्या बैल घेऊन दारी येणारे, घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे आणि धान्याची पाटी घेऊन पुढच्या गावी जाणारे. नवं मूल जन्मलं, कुणी दत्तक आलं, की त्यांच्या वहीत नोंद पडते. आजोळचा हेळवी कोण आणि तो कधी येतो, ते थोरल्या मामांना विचारा.

गाव कळलं की सातबारा. तिथल्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. ते क्रमांक धरून मागे मागे जायचं, 1958 च्या पुढच्या वर्षांपर्यंत. माझ्या एका चुलत आजोबांचा माग मी असाच काढला. अभिलेख कक्षात दप्तराची गाठ सुटली, पिवळी पडलेली फेरफारची नोंदवही उघडली, आणि वारसनोंदीत ओळ दिसली: मयताचे वारस दत्तक मुलगा, वय वर्षे 6, अ. पा. क. आई. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्यानं त्याच्या वतीनं आई उभी होती. सोबतच्या जबाबात जनक बापाचं नाव आणि गाव होतं. त्या एका ओळीपुढे मी बराच वेळ नुसता बसून होतो. जमीन असलेल्या घरात दत्तक बहुधा लपत नाही, कारण घेणारा बाप गेला की जमीन त्या मुलाच्या नावावर चढवावीच लागते.

नोंदणीकृत दत्तकपत्र मिळालं तर उत्तमच, पण त्याच्या मागे फार लागू नका. तोंडी देवाणघेवाण आणि दत्तविधान करून झालेली दत्तकं त्या काळी पुष्कळ. शिवाय अशा दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधीलाच मिळते. फेरफाराची नक्कल मिळवणं त्या मानानं सोपं. दुसरा आधार शाळेचं जनरल रजिस्टर. सहासात वर्षांचा मुलगा गावच्या शाळेत बसला असेल तर तिथे जन्मगावाच्या रकान्यात तुमच्या आजोळचं नाव निघू शकतं.

कागद मागताना जिल्हा जपून लिहा. 1949 ते 1960 या काळात आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ होता, त्याआधी वाळवा आणि खानापूर सातारा जिल्ह्यातच होते. खानापूर तालुक्यातली काही गावं आता कडेगाव तालुक्यात आहेत. आटपाडीकडचं गाव निघालं तर तो मुलूख औंध संस्थानचा, जुनी दप्तरं आणखी वेगळीकडे. मोडीतला कागद हाती आला तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं साताऱ्या-सांगलीत आहेत. आणि ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हाला करता येणार नाही, तो हक्क भारतीय नागरिकाचा आहे. अर्ज सांगलीतल्या मामेभावाच्या सहीनं जाऊ द्या.

डीएनए चाचणीचं तुम्ही विचारलंत. करा, पण स्वतःची नको, आईची करा. सख्ख्या भावाबहिणीत सरासरी निम्मा वारसा जुळतो, मामा-भाचीत पाव. आईची लाळ आज दिली तर उद्या मामांचा एखादा नातू अमेरिकेत चाचणी करेल तेव्हा जुळणी ठळक दिसेल. मात्र आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, त्यामुळे लांबचा नातेवाईकही चाचणीत जवळचा भासतो. आकडा पाहून लगेच कुणाला ‘मामा’ म्हणून फोन लावू नका.

(ज्यांचं मूल नात्यात न देता संस्थेतून दत्तक गेलं, त्यांची वाट वेगळी. तिथे ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, नियमांप्रमाणे मुळाचा शोध दत्तक गेलेली व्यक्तीच घेऊ शकते, त्रयस्थाला तो घेता येत नाही. तुमचं नाव-पत्ता संस्थेकडे लेखी देऊन ठेवणं, एवढंच अशा घरांच्या हाती.)

आता सगळ्यात नाजूक भाग. खानापुरात चौकशी सुरू झाली की दोन दिवसांत गावभर होतं, ‘इंग्लंडवाले जमिनीसाठी आलेत.’ भाऊबंदकीनं पोळलेल्या माणसांना दुसरं सुचत नाही. कायदा त्यांच्याच बाजूनं आहे, ते त्यांना सांगा. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तकाच्या दिवसापासून दत्तक गेलेल्याचं जन्मघराशी वारसाहक्काचं नातं संपतं. दत्तकाआधीच त्याच्या मालकीचं झालेलं काही असेल तेवढं त्याचं राहतं. त्याच्या दत्तक घरच्या मिळकतीवर तुमच्या आईचा वारस म्हणून हक्क नाही. हे बोलणं फोनवर करू नका. गलाईवाली घरं जत्रेला गावी येतात, तेव्हा दोन्हीकडच्या ओळखीचा एखादा वडीलधारा माणूस पाठवा.

आणि मामा 70 च्या घरात असतील. आपण दत्तक आहोत हे त्यांना ठाऊक असेल, त्यांच्या मुलासुनांना नसेलही. म्हणून पत्र बंद पाकिटात, त्यांच्याच हाती. पाकिटावर त्यांचं आजचं पूर्ण नाव, मानानं. आत पहिल्याच ओळीत लिहा, ‘आम्हाला काहीही नको, फक्त ख्यालीखुशाली हवी.’ खाली आईच्या हातची दोनच वाक्यं असू द्या, अक्षर कापरं असलं तरी. ओढा, बैलगाडी, जरीची टोपी. तिथे आईनं ‘बाळू’ लिहिलं तर लिहू द्या. फोन नंबर सांगलीच्या मामेभावाचाही द्या, परदेशी नंबर लावायला म्हातारा माणूस बिचकतो. उत्तर यायला दिवाळी उलटली तरी दुसरं पत्र घाईनं पाठवू नका. आणि ‘नको’ असं उत्तर आलं, तर ते आईला तुम्ही स्वतः जवळ बसून वाचून दाखवा.