छापखाना गोव्यात १५५६ साली आला, मग देवनागरीत मराठी छापायला अडीचशे वर्षं का लागली?

मुख्य अडचण खिळ्यांची, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या धातूच्या अक्षरांची. एकेका अक्षरासाठी आधी पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि मग त्यात शिसं ओतायचं. रोमन लिपीचं काम थोड्या साच्यांत भागतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि वर जोडाक्षरांची फौज! शेकडो साचे लागणार, ते कोरणारा कारागीर हवा आणि खर्च उचलणारा धनीही हवा.

तसा हा छापखानाही गोव्यासाठी नव्हताच. तो निघाला होता ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), राहिला जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी त्यावर धर्माची पुस्तकं छापली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तकही १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं.

इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं ख्रिस्तकथेवरचं काव्य 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं. भाषा मराठी, ओवीसुद्धा आपलीच, पण लिपी रोमन. देवनागरी खिळे पाडावेत असं खुद्द स्टीफन्सला वाटत होतं; ते झालं नाही. माझ्या मते नुसत्या तंत्राला दोष देऊन चालणार नाही, कारण तमिळ खिळे सोळाव्या शतकातच गोव्यात पाडले होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, अठराव्या शतकात तर गोव्यात छपाईच बंद होती. ती परतली १८२१ साली. तोवर इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीने बंगालात, श्रीरामपूरला, १८०५ मध्येच देवनागरी खिळ्यांनी मराठी व्याकरण छापलं होतं.