लंडनमधला जुना, अस्सल पब बघायचा तर कुठला? आणि तिथे ऑर्डर कशी देतात?

सदर्कचा 'द जॉर्ज इन' बघा, लंडन ब्रिज स्टेशनजवळच आहे. १६७६ च्या आगीत जुनी इमारत जळाली. ही १६७७ ची. अंगणाकडे लाकडी सज्जे असलेली, घोडागाडीच्या प्रवाशांची अशी सराई लंडनमध्ये ही एकच उरली आहे. तिच्या दोन बाजू रेल्वेने १८८९ मध्ये पाडल्या, फार वाईट झालं. उरलेली बाजू आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

टेबलावर वेटरची वाट बघू नका. बारपाशी जाऊन मागायचं, पैसेही तिथेच द्यायचे. जेवण हवं असेल तर टेबल नंबर सांगायचा. हातपंपाने ओढलेली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, घ्या. तिचं माप पाइंट, म्हणजे ५६८ मिली. ही बिअर कोमट वाटली तरी खराब नसते: ११ ते १३ अंशांवरच तिची चव खुलते, बर्फगार केली की दबते.