तंबोऱ्याची तार आणि मायक्रोवेव्हमधला पापड

प्रश्न : दोरीच्या दोन्ही टोकांनी एकसारखे, पण एक वर नि एक खाली असे झटके दिले, तर मध्ये भेटताना दोरी क्षणभर सपाट होते. ऊर्जा जाते कुठे?

उत्तर : कुठेच नाही. दोरी सपाट दिसते, थांबलेली नसते. त्या क्षणी सगळी ऊर्जा तिच्या गतीत असते. म्हणून तर दोन्ही तरंग काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघतात. अध्यारोपणात, म्हणजे दोन तरंग एकमेकांवर येतात तेव्हा, बेरीज होते ती विस्थापनांची, म्हणजे दोरी जागेवरून किती हलली त्याची.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये भाजी एकीकडे चटका देते आणि दुसरीकडे गारच राहते, असं का?

उत्तर : धातूच्या भिंतींवरून परतलेले तरंग येणाऱ्या तरंगांत मिसळून आत स्थिर, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी कंपणारे, तरंग तयार होतात. प्रस्पंदापाशी (जिथे कंप सर्वाधिक) अन्न तापतं, निस्पंदापाशी (जिथे कंप नाहीच) गार राहतं. घरगुती ओव्हनची वारंवारता सुमारे २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १२ सेंमी. तापणाऱ्या जागा साधारण तिच्या निम्म्या अंतरावर. फिरती थाळी काढून, पापड फिरणार नाही असा ठेवा आणि थोडाच वेळ चालू करा. ठिकठिकाणी फुललेले डाग दिसतील. तरंग सहाही बाजूंनी परतत असल्यामुळे नक्षी वेडीवाकडी येते; पट्टी लावून नेमके ६ सेंमी भरले नाहीत, तर ओव्हनला बोल लावू नका.

प्रश्न : तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट वारंवारतेचा अधिस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारा वरचा स्वर) उमटायला नको. तंबोऱ्यात तो कसा ऐकू येतो?

उत्तर : शंका अगदी रास्त. त्या अधिस्वराचा निस्पंद मध्यावरच असतो, आणि जिथे निस्पंद तिथे छेडून तो अधिस्वर उठत नाही, हा यंगचा नियम. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. गोम घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत आहे. ती रुंद आणि किंचित उतरती असते, वर तारेखाली जवारीचा, म्हणजे झणकार आणणारा, दोरा. कंपणारी तार घोडीला क्षणोक्षणी टेकते नि सुटते. पुस्तकातली तार दोन अचल टोकांत ताणलेली असते. इथे एक टोक सतत जागा बदलतं, त्यामुळे ऊर्जा वरच्या अधिस्वरांत झिरपत राहते. दोरा काढून छेडून पाहा, तीच तार कोरडी लागेल. मिरजेचे कारागीर घोडी घासताना समीकरण मांडत नाहीत, कानावर जातात. माझ्या मते तोही प्रयोगच.

प्रश्न : जोडीच्या तारा जुळत आल्या की आवाज हेलकावे का खातो?

उत्तर : हे विस्पंद. एक तार १३० हर्ट्झ, दुसरी १३१, तर सेकंदाला एक हेलकावा. तार जुळवायचा मणी सरकवताना हेलकावे लांबत गेले तर दिशा बरोबर. वेगाने येऊ लागले तर उलट सरकवा.