“माझ्याच किडनीतनं गेलं का हो?”

तासगावकडच्या काकू. वय पासष्ट, घरची द्राक्षबाग. सात वर्षांपूर्वी मुलाला स्वतःची किडनी दिलेली. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. प्रश्न मात्र त्यांचाच, आणि किडनी देणारं कुणी ना कुणी तो मला विचारतंच: “माझ्याच किडनीतनं त्याला कॅन्सर गेला का हो?”

मुलगा पस्तिशीचा. दीड महिना ताप हटेना, प्लेटलेट्स उतरत चाललेल्या, पानथरी वाढलेली. अंगावर गाठ कुठंच नाही, त्यामुळे आधी टायफॉइड, मग टीबी शोधण्यातच दिवस गेले. शेवटी बोन मॅरो आणि लिव्हरची बायोप्सी झाली. हेपॅटोस्प्लेनिक टी-सेल लिम्फोमा, म्हणजे लिव्हर आणि पानथरीत वाढणारा, टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. प्रत्यारोपणानंतर होणारे लिम्फोमा बहुतेक बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, आणि त्यांतल्या अनेकांमागे एबस्टाइन-बार विषाणू असतो. टी-पेशींचे मोजकेच. ते सहसा काही वर्षं उलटल्यावर येतात, बऱ्याचदा त्या विषाणूशिवायच.

काकूंपुढं यातलं काहीच बोलले नाही. रक्तविकारांच्या डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारलं. डॉक्टर म्हणाले, असा लिम्फोमा बहुतेक वेळा ज्याला किडनी बसवली त्याच्याच पेशींतून उगवतो, देणाऱ्याच्या पेशींतून क्वचित.

“मग झाला कशानं?”

मी त्यांच्या बागेत शिरले. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. म्हणजे खुरपणी कमी केली. खुरपणी कमी झाली की कधी कधी तण माजतं. पण टी-पेशी तर स्वतःच राखणदार, हे सांगताना मीच अडखळले. काकूंनी वाक्य पुरं केलं, “म्हंजे खुरपणारी बाईच तण झाली म्हणायची.”

इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

बोलता बोलता मी गोळ्यांचा डबा मागितला. सवयच आहे ती. सकाळी आठ, रात्री आठ असे कप्पे, आणि दोन दिवसांच्या चारही कप्प्यांत टॅक्रोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, तशीच पडलेली. डबा काकूच भरायच्या आणि काकूच द्यायच्या. पुतण्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं होतं, ‘या गोळ्यांनी कॅन्सर होतो’. त्यांनी मुलाला न सांगता ती गोळी बंद केली.

रागावले नाही. वाचलेलं अगदी खोटंही नव्हतं. गोळ्या कमी करणं हा उपचाराचाच भाग असतो, बी-पेशींच्या काही रुग्णांत तेवढ्यानंही आजार मागं हटतो. पण टी-पेशींच्या आजारात तेवढं सहसा पुरत नाही, केमो लागतेच. शिवाय कोणती गोळी किती उतरवायची हे डॉक्टर गोळीची रक्तातली पातळी आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय हे सांगणारी रक्ततपासणी) बघून ठरवतात. एकदम तोडली तर किडनी नाकारली जाण्याचा धोका, मग केमोच्या जोडीला डायलिसिस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीआधी रक्त घेतलं. पातळी खाली होती, किडनी शाबूत होती. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध थांबवलं, टॅक्रोलिमसचा डोस नव्यानं बांधून दिला. आजार कठीण आहे, हे त्यांनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. मीही ‘होईल बरं’ म्हटलं नाही.

पहिल्या केमोच्या दिवशी काकू वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, “क्रिएटिनिन किती आलं?”

“एक पूर्णांक चार.”

“मग ती तिचं काम करतीय,” म्हणाल्या, आणि पिशवीतून डबा काढून रात्रीचा कप्पा तपासायला लागल्या.