ताई, आधी बायोप्सीचा ब्लॉक मागून घ्या

ताई, "तुम्ही तर कधी सिगारेट ओढली नाही, मग फुप्फुसाचा कर्करोग कसा झाला?" हे आता गंगापूर रोडच्या भाजीवालीपासून सगळे विचारतील. मला चार वर्षं झाली, अजून विचारतात. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. न ओढणाऱ्यांनाही तो होतो, बहुतेकदा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींत सुरू होणारा प्रकार. तुमचं काही चुकलं म्हणून हे आलेलं नाही.

माझ्या खोकल्याला सहा महिने टीबी समजून औषधं चालली. त्याचा राग अजून जात नाही. म्हणूनच सांगते, उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा: गाठीतल्या ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकांत बदल आहेत का, याच्या चाचण्या झाल्या का? न ओढणाऱ्यांत हे बदल जास्त सापडतात, आणि सापडले तर पुष्कळदा रोजच्या गोळीवर उपचार होतात. बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो, जपा. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं तर तो सोबत हवाच, नाहीतर पुन्हा सुई टोचायची वेळ येते. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की दादरला उतरता येतं.

मी ऑसिमर्टिनिब घेते, ईजीएफआरमधल्या बदलावरची रोजची गोळी. नखांच्या कडा चिरतात. साडीच्या निऱ्या करताना धागा अडकला की डोळ्यांत पाणी येतं. रात्री व्हॅसलीन चोपडून सुती हातमोजे घालते, बराच फरक पडतो. जुलाब अंगावर काढू नका. आणि दम अचानक वाढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

रिपोर्ट हातात आला की फाईल घेऊन घरी या, आपण मिळून वाचू.