एका वहीतले तीन ‘क’: जॉर्जियन शिकावी की कोरियन?

लातूरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगा जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. दीड वर्षापासून ती घरीच कोरियन शिकते. उन्हाळ्यात भाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याच्याकडून तिने जॉर्जियन लिपी आठवड्यात उचलली. आता वहीत डाव्या बाजूला जॉर्जियन, उजव्या बाजूला कोरियन असं लिहीत बसते आणि म्हणते, ‘आई, दोन्ही भाषांत क तीन-तीन आहेत.’ आईने विचारलंय, ‘या दोन भाषा बहिणी-बहिणी आहेत का? सोपी कोणती? आणि यातून पोट भरेल का?’

ताई, नमस्कार.

या भाषा बहिणी नाहीत, लांबच्या नात्यातल्याही नाहीत. जॉर्जियनचं कुटुंब कार्तवेली. त्यात ती, मेग्रेली, लाझ आणि स्वान एवढ्याच भाषा, सगळ्या कॉकेशसच्या परिसरातल्या. कोरियनचं कुटुंब त्याहून लहान. तरीही तुमच्या लेकीने जे पाहिलं ते खरं आहे, आणि त्या एका वाक्यामुळेच मी हे उत्तर जरा लांबवतोय.

जॉर्जियनमध्ये एक ग, एक ख आणि तिसरा असा क, की तो म्हणताना घसा क्षणभर बंद करून आवाज फट्कन सोडायचा. ‘कारी’ हा शब्द या घसा बंद केलेल्या क ने म्हटला तर दार, आणि ‘खारी’ म्हटलं की वारा. कोरियनमध्येही तीन आहेत, पण वेगळे: एक सैल, एक ताणून दाबलेला, एक श्वास सोडून म्हटलेला. त घेऊन बघा. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘त्ताल’ म्हणजे मुलगी, ‘थाल’ म्हणजे मुखवटा. तीनाचा आकडा जुळला, पण आवाज काढायची रीत निराळी. बारावीच्या मुलीला हे कुणी न शिकवता ऐकू येतंय. भाषाविज्ञानाच्या वर्गात हे मुद्दाम शिकवावं लागतं.

आता ‘सोपी कोणती’. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना जॉर्जियनसाठी सुमारे 1,100 तास देते आणि कोरियनसाठी 2,200. इंटरनेटवर हे आकडे सतत फिरतात आणि मुलं ते बघून घाबरतात. पण तो हिशोब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. मराठी घरातल्या मुलीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

कोरियनमध्ये ‘नानुन साग्वारुल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी सफरचंद खाते’. शब्द ओळीने तसेच: मी, सफरचंद, खाते. आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. मान देण्याची पद्धतही आपल्याला परकी नाही, फक्त त्यांची जास्त बारीक आहे. मैत्रिणीला ‘जेवलीस का’ विचारताना ‘पाप मॉगॉस्सॉ?’, आणि आजोबांना तेच विचारताना ‘चिंजी तुश्यॉस्सॉयो?’. क्रियापद तर बदलतंच, जेवणासाठीचा शब्दसुद्धा बदलतो. लिपी सोपी आहे. राजा सेजोंगने ती 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांसमोर आणली. आज मूळ अक्षरं 24. जड जातो तो शब्दसंग्रह, कारण त्याचा मोठा भाग चिनी मुळाचा, आपल्या ओळखीचं काहीच नाही. आकडेही दोन तऱ्हेचे. तीन वाजून तीन मिनिटं म्हणायचं तर ‘से शी साम पुन’: तासाचा तीन वेगळा, मिनिटाचा तीन वेगळा.

जॉर्जियनची लिपी 33 अक्षरांची. आकडे विसांत मोजतात, त्यामुळे 73 म्हणजे ‘सामोत्सदात्सामेती’, तीन विसा आणि तेरा. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘तीन विसा’ ऐकलं असेल तर लेकीला जरूर सांगा. पण खरी गंमत पुढे आहे. ‘माणूस सफरचंद खातो’ हे ‘कात्सी वाश्ल्स च्याम्स’, आणि ‘माणसाने सफरचंद खाल्लं’ हे ‘कात्समा वाश्ली शेच्यामा’. खाणारा तोच, पण भूतकाळ आला की आपल्या ‘ने’सारखा त्याला ‘मा’ चिकटतो! इंग्रजी माणसाला हे समजावताना शिक्षकाला घाम फुटतो. तुमच्या मुलीला ‘माणूस’ आणि ‘माणसाने’ आठवलं की झालं. ‘मला भूक लागली’ हेही त्यांच्याकडे ‘मला’ धरूनच, एका शब्दात: ‘म्शिआ’. कठीण आहे ते क्रियापद. कर्ता, कर्म, काळ सगळं त्याच्याच पोटात घातलेलं असतं, आणि व्यंजनं एकमेकांवर रचलेली. त्यासाठी दोन-तीन वर्षं शांतपणे द्यावी लागतात.

म्हणजे कष्टांच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारख्याच. पण पोटाच्या प्रश्नावर त्या सारख्या नाहीत, आणि तिथे मी गुळमुळीत बोलणार नाही.

कोरियनला आपल्याच राज्यात काम आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, रायगडात विळे भागाडला पोस्को ही पोलाद कंपनी आहे. तिन्ही कंपन्या कोरियन. दुभाषी, भाषांतर, पुरवठादारांशी पत्रव्यवहार, गुणवत्ता विभागातली कागदपत्रं अशी ही कामं. मात्र साधं पत्र आता मोबाईलही भाषांतरित करतो. माणूस लागतो तो बैठकीत, जिथे समोरच्या वरिष्ठाशी कोणत्या पातळीचं क्रियापद वापरायचं हे क्षणात ठरवावं लागतं, आणि बोलणं कशाविषयी आहे तेही कळावं लागतं. म्हणून नुसत्या भाषेवर थांबू नये. हिशोब, पुरवठा साखळी, गुणवत्ता तपासणी, यातलं एक काहीतरी जोडीला हवं.

तिच्यासमोर टॉपिक ही कोरियन भाषेची परीक्षा ठेवा. सहा पातळ्या, निकाल दोन वर्षं ग्राह्य. पहिल्या दोन पातळ्यांत फक्त ऐकणं आणि वाचणं असतं. लिहिणं तिसरीपासून सुरू होतं, आणि माझ्याकडे येणारी बरीच मुलं नेमकी तिथेच थांबतात. दुसऱ्या पातळीच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असं कुणी क्लासवाल्याने सांगितलं तर पैसे भरू नका. पदवीच करायची असेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियनचं बीए ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. दिल्ली लांब वाटेल, पण ही मुलगी त्या लायकीची आहे.

जॉर्जियनच्या बळावर पुण्या-मुंबईत नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. जॉर्जियाची लोकसंख्या 40 लाखांच्या आतच; लातूर आणि धाराशिव जिल्हे मिळून त्याहून जास्त माणसं भरतील. तरी ती वही बंद करायला लावू नका. 1978 साली सोव्हिएत जॉर्जियाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढला होता, तेव्हा 14 एप्रिलला तिबिलिसीत हजारो लोक, त्यातही विद्यार्थी, रस्त्यावर उतरले आणि सत्तेला तो दर्जा परत द्यावा लागला. अशा भाषेचा अभ्यास करणारी मराठी माणसं किती असतील! पदवीनंतर तिला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात एमए करता येईल. तिथे कोरियन, जॉर्जियन आणि मराठीचा ‘ने’ ही तिची स्वतःची शिदोरी असेल. ही वाट लांबची आहे, पीएचडीपर्यंत जाणारी आणि सुरुवातीला कमी पैशांची. म्हणून माझा सल्ला असा: कोरियन पोटासाठी, आत्तापासून, रोज दोन तास. जॉर्जियन रविवारी.

आणि ताई, जॉर्जियनची खरी गरज तुमच्या मुलाला आहे. त्याचं शिक्षण इंग्रजीत असलं तरी आता वॉर्डात जायचे दिवस आले. तिथली आजी त्याला इंग्रजीत दुखणं सांगणार नाही. ती ‘थावी म्त्किवा’ म्हणेल, म्हणजे डोकं दुखतंय, आणि ते त्याला कळायला हवं. लिपी त्याने बहिणीला शिकवली. व्याकरण आता बहिणीने त्याला शिकवावं. रविवारी फोनवर तासभर पुरेल.

बदल्यात त्याने तिला एक काम करून द्यावं. वसतिगृहाजवळच्या दुकानदाराला किंवा वर्गातल्या जॉर्जियन मित्राला विचारून, त्याच्या परवानगीने, ‘कारी’ आणि ‘खारी’ हे दोन शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवावेत, प्रत्येक पाच वेळा. तिने ते ऐकून त्या तिसऱ्या क विषयी जे ऐकू येईल ते वहीत आपल्या शब्दांत लिहावं, आणि ते पान मला पाठवावं. सीयूईटीच्या अर्जाबद्दल त्यानंतर बोलू.