क्लबफूट: सर्जन नाहीत म्हणून थांबू नका, पण बुटांची सोय आधी बघा

ताई, तुमच्या केंद्रात हाडांचे डॉक्टर नाहीत, ऑपरेशन थिएटर नाही आणि तीन आठवड्यांच्या बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली आहेत. घरचे म्हणतात, चालायला लागलं की मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करू. तोवर थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात थांबू नका. या वयात सांधे जितके मऊ असतात तितके पुन्हा कधी नसतात, आणि मोठं ऑपरेशन केलेले पाय पुढे बऱ्याचदा ताठ आणि दुखरे होतात.

आधी पाऊल हातात घेऊन बघा. सहज सरळ होत असेल तर ते पोटातल्या स्थितीमुळे वळलेलं असतं, त्याला बहुधा प्लास्टर लागत नाही. कमरेवर फुगवटा किंवा केसांचा झुपका असेल, किंवा बाकीचे सांधेही आखडलेले असतील, तर तज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

खरा क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेलं आणि हातानं सहज सरळ न होणारं पाऊल असेल, तर आज जगभर पोन्सेटी पद्धत वापरतात. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बसवली. दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, गुडघा काटकोनात. साधारण ५ ते ७ प्लास्टर लागतात. सामान वाचवायला गुडघ्याखालीच थांबलात तर प्लास्टर सटकतं आणि आठवडा फुकट जातो. पहिल्या वेळी अंगठ्याकडची बाजू उचलून तळव्याची खोल कमान तेवढी काढायची. पुढच्या वेळेपासून, घोट्याच्या पुढे बाहेरच्या अंगाला जो गोल उंचवटा हाताला लागतो (टॅलस हाडाचं डोकं) त्यावर आपला अंगठा टेकवायचा आणि पाऊल त्याभोवती बाहेर न्यायचं. टाचेला हात लावायचा नाही, ती मागोमाग येते. पंजा वर ढकलायची घाई केली तर पाऊल मध्येच मोडतं आणि तळवा नावेच्या बुडासारखा होतो. हे मी कितीही लिहिलं तरी वाचून जमण्यातलं नाही, शिकवणाऱ्याच्या हाताखाली बसूनच शिका. पण त्यासाठी सर्जन असावं लागत नाही. मलावीत ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर (हाडांच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी) ही पद्धत वापरतात, आणि ते डॉक्टर नाहीत.

प्लास्टर घालताना बाळाला आईनं पाजत राहावं. भुकेलं बाळ पाय सैल सोडत नाही. बोटं दिसली पाहिजेत. निळी किंवा गार पडली, सुजली, किंवा आत गेलेली दिसली तर आठवडा भरायची वाट न बघता प्लास्टर काढायचं, हे आईला नीट समजावून सांगा. एरवी मात्र घरी आदल्या रात्री भिजवून काढू देऊ नका. तेवढ्या वेळात पाऊल मागे सरकतं.

शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, अकिलिस टेंडन) कापावी लागते. जागा बधिर करून बारीक छेद देतात, काही मिनिटांचं काम. ते प्रशिक्षित हातानंच व्हावं, तेवढ्यासाठी बाहेर पाठवा. त्यानंतरचं प्लास्टर ३ आठवडे राहतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. पाऊल सरळ दिसलं की सगळ्यांना वाटतं झालं, आणि बहुतेक पाय परत वळतात ते इथूनच. मधल्या पट्टीनं जोडलेले बूट पहिले ३ महिने दिवसातले २३ तास आणि नंतर रात्री व दुपारच्या झोपेत, मूल किमान ४ वर्षांचं होईपर्यंत घालायचे असतात. शेवटचं प्लास्टर निघतं त्याच दिवशी बूट पायात हवेत, म्हणून शीर कापायच्या दिवशीच बुटांची सोय पक्की करा. महागडे विकतचेच हवेत असं नाही. युगांडात तयार झालेला स्टीनबीक ब्रेस, म्हणजे असेच पट्टीचे बूट, साध्या चामड्याचा, लोखंडी पट्टीचा, चांभारकाम आणि वेल्डिंग येणाऱ्या कारागिराला नमुना दाखवून करून घेता येतो. टाचेपाशी भोक असतं, त्यातून टाच खाली टेकली आहे का ते दिसतं.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, काढा गं ते, लेकराला त्रास होतोय. आईबरोबर त्या माणसालाही बोलावून घ्या. पट्टी धरून दोन्ही पाय एकदम दुमडून-सरळ करायचा खेळ शिकवा. एकेक पाय हलत नाही हे कळलं की बाळ शांत होतं. कातडी लालभडक झाली किंवा फोड आला तर बहुधा टाच वर सरकते आहे. बुटावरचा मधला पट्टा घट्ट करा, मलम लावू नका.

वहीत प्रत्येक मुलाची पुढची तारीख आणि घरच्यांचा फोन लिहा. तारीख चुकली तर त्याच आठवड्यात फोन करा. यायला पैसे नाहीत असं उत्तर आलं तर प्रवासखर्चाची व्यवस्था बघा; माझ्या मते मदतीचा पहिला पैसा तिथेच जावा. पाय पुन्हा वळायला लागला तरी घाबरू नका, बहुधा दोन-तीन प्लास्टरनी तो परत जागेवर येतो, मात्र बूट पुन्हा सुरू करावे लागतात.

या बाळाचं पहिलं प्लास्टर याच आठवड्यात कुठे होईल ते आधी शोधा.